गेटपासून दारापर्यंतची मिनिटे

७ नोव्हेंबर २०२२ रोजी अंधेरीचा गोखले पूल वाहतुकीला बंद झाला. पूर्वेची तेली गल्ली आणि पश्चिमेचा स्वामी विवेकानंद मार्ग यांच्यातले अंतर त्या दिवशी एका मीटरनेही वाढले नाही. वाढली ती मिनिटे. रूळ ओलांडायला पार्ल्याचा कॅप्टन गोरे उड्डाणपूल, जोगेश्वरीचा बाळासाहेब ठाकरे उड्डाणपूल, नाहीतर अंधेरी सबवे, एवढेच जवळचे मार्ग उरले, आणि सबवेचे तर जोराचा पाऊस झाला की पाणी भरून बंद होणे ठरलेलेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा तिची आणि शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाची उंचीच जुळत नसल्याचे साऱ्या शहराने पाहिले. ती जोडणी जुलै २०२४ मध्ये झाली आणि पूल पूर्णपणे खुला व्हायला मे २०२५ उजाडला. या अडीच वर्षांत अंधेरीच्या एखाद्या ऑनलाइन दुकानाला आपल्या ग्राहकाला ‘सामान किती वेळात येईल’ हे सांगायचे असेल, तर नकाशावरचे अंतर त्याच्या फारसे कामाचे नव्हते. रुळांच्या अलीकडचा ग्राहक आणि पलीकडचा ग्राहक ही दोन वेगळ्या गावांतली माणसे आहेत असे धरूनच हिशेब मांडावा लागला असता. मोबाइलच्या पडद्यावर मात्र दोघांनाही एकेकच आकडा दिसतो: इतकी मिनिटे. हा एकच आकडा कुठून येतो, तो कोण निवडतो आणि तो चुकला तर त्याची किंमत कोण मोजतो, हे या लेखात तपासायचे आहे. माझे म्हणणे असे की घरपोच सामानाची वेळ हा मुळात एक पल्ला असतो; त्या पल्ल्यातला कोणता आकडा ग्राहकाला दाखवायचा हे गणित सांगत नाही, दुकान ठरवते. म्हणून त्या निवडीचा जाबही दुकानानेच द्यायला हवा.

आधी हा वेळ कशाकशाचा बनतो ते पाहू. मिनिटांत सामान देणाऱ्या दुकानाचे गोदाम, ज्याला आता सगळेच ‘डार्क स्टोअर’ म्हणतात, वस्तीच्या मधोमध असते. मागणी नोंदली गेली की पिकर कप्प्या-कप्प्यांतून वस्तू गोळा करतो, पिशवी बांधली जाते, मोकळा रायडर शोधला जातो, तो पिशवी उचलतो, रस्ता कापतो, सोसायटीच्या गेटवर थांबतो, वॉचमनच्या वहीत किंवा ॲपवर नोंद करतो, लिफ्टची वाट पाहतो आणि बेल वाजवतो. दुसरा प्रकार दिवसांत मोजल्या जाणाऱ्या पार्सलचा. मुंबईला येणाऱ्या अशा पार्सलांचा मोठा ओघ भिवंडीच्या गोदामांतून निघतो आणि मुलुंडच्या नाक्यावरून किंवा घोडबंदर रस्त्याने दहिसरकडून उपनगरांत शिरतो. तिथून ते त्या-त्या भागाच्या छोट्या केंद्रावर जाते आणि मग एका पिशवीत इतर अनेक पार्सलांबरोबर फिरत फिरत दारी येते. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ रोज वेगळा असतो आणि एका टप्प्याचा उशीर पुढचा टप्पा क्वचितच भरून काढतो. पिकरला तीन मिनिटे जास्त लागली म्हणून लिफ्ट काही लवकर खाली येत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. हे आकडे केवळ समजण्यासाठी मांडलेले आहेत. एकाच गोदामातून बोरिवलीच्या शिंपोलीतल्या एकाच इमारतीत वीस वेळा सामान गेले. बारा वेळा १० मिनिटे लागली, पाच वेळा १४, दोनदा २० आणि एकदा ४०. यांची सरासरी साडेतेरा मिनिटे येते. पण वीसपैकी बारा वेळा सामान १० मिनिटांतच आले, म्हणून ‘बहुतेकदा १० मिनिटे’ हेही खरेच. आणि ‘वीसपैकी एकोणीस वेळा २० मिनिटांच्या आत’ हेही तितकेच खरे. म्हणजे १०, साडेतेरा आणि २० असे तीन आकडे आहेत, तिन्हींत खोटे काही नाही, आणि तिन्ही एकाच नोंदवहीतून निघालेले आहेत. दुकान यातला १० निवडते तेव्हा वीसपैकी आठ वेळा आपला शब्द मोडणार हे त्याला त्याच नोंदवहीवरून ठाऊक असते. २० निवडले तर शब्द एकदाच मोडेल, पण शेजारच्या ॲपवरचा १० हा आकडा पाहून ग्राहक तिकडे वळण्याची भीती आहे. हे सगळे मांडण्याचे कारण असे की ‘अल्गोरिदमने वेळ काढला’ असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा त्यातून एक महत्त्वाची गोष्ट गाळली जाते. संगणक पल्ला काढून देतो. त्या पल्ल्याच्या कोणत्या टोकावर बोट ठेवायचे हा निर्णय माणसे घेतात, आणि तो विक्रीचा निर्णय असतो.

‘१० मिनिटे’ हा आकडा आपल्याकडे असाच विक्रीतून रुळला. स्विगीने इन्स्टामार्ट २०२० मध्ये सुरू केले. २०२१ मध्ये मुंबईतूनच झेप्टो उभी राहिली आणि त्याच वर्षअखेरीस ग्रोफर्सने आपले नाव बदलून ब्लिंकिट केले. त्यानंतर १० मिनिटे ही जणू त्या धंद्याची व्याख्याच होऊन बसली. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस रायडरांच्या संघटनांनी संप पुकारला, आणि जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांनी कंपन्यांशी बोलणी केल्यावर ब्लिंकिटने आपल्या जाहिरातीतून १० मिनिटांचा उल्लेख काढून टाकला. त्याच सुमारास ब्लिंकिटची मालक कंपनी असलेल्या इटर्नलचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी कंपनीच्या बचावात जो हिशेब मांडला तो मला फार उपयोगी वाटतो. त्यांच्या म्हणण्यानुसार सामान गोळा करून बांधायला अडीच मिनिटे लागतात, त्यानंतर रायडर सरासरी दोन किलोमीटरहून कमी अंतर सुमारे आठ मिनिटांत कापतो, म्हणजे वेग ताशी १५ किलोमीटरच्या आसपास राहतो. गाडी भरधाव पळवावी लागत नाही आणि ग्राहकाला कोणती वेळ सांगितली आहे हे रायडरला दिसतही नाही. हा हिशेब जसाच्या तसा मान्य करू. तरी अडीच आणि आठ मिळून साडेदहा होतात. त्यात गेट वेगळे दिसत नाही, वॉचमन दिसत नाही, सातव्या मजल्यावरून खाली येणारी लिफ्ट दिसत नाही. शिवाय ही सगळी सरासरी आहे. वर वीस फेऱ्यांच्या उदाहरणात पाहिले तसे, सरासरी ठीकठाक असूनही एखादी फेरी चाळीस मिनिटांची असू शकते, आणि तक्रार, खराब मानांकन, फोनवरची बोलणी हे सारे त्या एका फेरीच्या वाट्याला येते. रायडरला घड्याळ दिसत नसेलही, पण त्याची कमाई फेऱ्यांवर मोजली जाते. गेटवर गेलेली सात मिनिटे म्हणजे हातची निसटलेली पुढची फेरी, हे समजायला त्याला पडद्यावरच्या घड्याळाची गरज नाही.

तंत्रज्ञान सुधारेल आणि अंदाज आपोआप अचूक होतील, हा या सगळ्यावरचा पहिला आक्षेप. त्यात तथ्य आहे. गूगल मॅप्सने डीपमाइंड या संशोधन कंपनीच्या मदतीने रस्त्यांच्या जाळ्याचा अभ्यास करणारी नवी पद्धत वापरली आणि काही शहरांत प्रवासवेळेच्या अंदाजातल्या चुका लक्षणीय घटल्याचे २०२० मध्ये जाहीर केले. अशा पद्धती कालच्या रहदारीवरून आजची रहदारी चांगली ओळखतात. पण उपनगरांची रचना पाहिली की या सुधारणेची हद्दही दिसते. मुलुंड आणि बोरिवली सरळ रेषेत सुमारे १२ किलोमीटरवर आहेत. मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असल्याने रस्त्याने एक तर ठाण्याहून घोडबंदरला वळसा घ्यायचा, नाहीतर जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता गाठायचा, आणि दोन्हीकडून अंतर दुपटीहून अधिक होते. म्हणजे पूर्व-पश्चिम जाणारी सगळी वाहने मोजक्या चारदोन रस्त्यांत कोंबली जातात. अशा ठिकाणी वेळ हळूहळू वाढत नाही, तो एकदम उडी मारतो. पवईला एक ट्रक बंद पडला की कालच्या नोंदींचा उपयोग संपतो. विक्रोळीचा रेल्वेवरचा पूल जून २०२५ मध्ये खुला झाला, तेव्हा लालबहादूर शास्त्री मार्ग आणि पूर्व द्रुतगती मार्ग यांच्यातले गणित एका दिवसात बदलले. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे पूर्ण होतील तेव्हा ते पुन्हा बदलेल. साधारण सव्वा तासाचा प्रवास २५ मिनिटांवर येईल असा महापालिकेचा दावा आहे. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला, गेल्या ७५ वर्षांतले हे सर्वांत लवकरचे आगमन. मागच्या मेच्या नोंदींवर विसंबलेला कोणताही अंदाज त्या दिवशी चुकणारच होता. यात दोष गणिताचा नाही. ज्या शहरात पूल बंद होतात, पाऊस दोन आठवडे आधी येतो आणि भरतीच्या वेळी नाले उलटे वाहतात, तिथे काही अनिश्चितता कायमची मुक्कामाला असते, आणि ती आहे असे सांगणे हाच अचूक अंदाज ठरतो.

यापेक्षाही खोल एक कारण आहे आणि त्याचा रस्त्याशी संबंध नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती ए. के. अर्लांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनीच्या तारांवर येणाऱ्या मागणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. रांगांचे शास्त्र त्यातून पुढे वाढले. या शास्त्राचा अगदी साधा नमुना घेतला तरी तो डोळे उघडतो. एक पिकर आहे, मागण्या अनियमित येतात आणि प्रत्येक मागणीचे काम कमीजास्त असते. त्याचा निम्मा वेळ कामात जात असेल, तर नव्या मागणीला सरासरी एका मागणीच्या कामाइतके थांबावे लागते. ८० टक्के वेळ कामात जात असेल तर चौपट थांबावे लागते आणि ९० टक्के झाला तर नऊपट. म्हणजे काम ८० वरून ९० वर गेले, जेमतेम आठवा हिस्सा वाढले, पण वाट पाहणे दुपटीहून जास्त झाले. संध्याकाळी सात ते नऊ, रविवारची सकाळ, पावसाची पहिली सर, धनत्रयोदशीची संध्याकाळ, या वेळी नेमके हेच घडते. घाटकोपरच्या गरोडिया नगरात किंवा पंतनगरात रस्ता तोच, अंतर तेच, रायडर तोच. पण गोदामातली रांग फुगलेली असते. यावर उपाय एकच, माणसे थोडी रिकामी ठेवणे. पण रिकामा पिकर आणि रिकामा रायडर हा ताळेबंदात तोटा दिसतो. म्हणून माणसे पुरेपूर कामाला जुंपायची आणि वर वेळही कडक सांगायची, असे दोन्ही एकदम करायचा प्रयत्न होतो. अर्लांगचे गणित ते होऊ देत नाही. मग तफावत कुठेतरी जिरवावी लागते आणि ती गाडीवरच्या माणसात जिरते, कारण साखळीतला तोच एक असा आहे की ज्याला सिग्नल मोडून दोन मिनिटे वाचवता येतात.

या शहराला वक्तशीर वाटपाचा फार जुना अनुभव आहे आणि त्याच्याकडे नीट पाहायला हवे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला डबेवाल्यांचा व्यवसाय ज्या घरांवर उभा राहिला, त्यांतली कितीतरी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडची. डबेवाल्यांच्या अचूकतेबद्दल खूप लिहिले गेले आहे आणि त्यातले काही आकडे अतिशयोक्तही आहेत. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन थॉमके यांनी या व्यवस्थेचा अभ्यास केला, तेव्हा दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. एक, प्रत्येक गट दोन-तीन माणसे जादा ठेवतो. कोणी आजारी पडले, कोणाची सायकल मोडली, तर ती माणसे पुढे होतात. आधुनिक व्यवस्थापन ज्याला वाया गेलेला खर्च म्हणेल, त्याच्याच जोरावर वक्तशीरपणा टिकतो. दोन, डबा ठरल्या वेळी तयार ठेवणे ही घरच्या माणसाची जबाबदारी असते. डबा वारंवार उशिरा देणाऱ्या घराचे काम डबेवाले सोडतात. इथे वेळ हा दोन बाजूंचा करार आहे. वर लोकलचे वेळापत्रक आहे, जे डबेवाल्याला जसे बांधते तसेच घराला बांधते. कोणी म्हणेल, ही तुलना न्याय्य नाही. डबेवाल्याला रोज तीच घरे, तीच वेळ, तेच स्टेशन. ऑनलाइन दुकानाला पुढची मागणी कुठून येईल याचा पत्ता नसतो. हा आक्षेप मला मान्य आहे. वेळापत्रक उसने घेता येणार नाही. पण जादा माणसे आणि दोन्ही बाजूंची जबाबदारी, या दोन गोष्टी उसन्या घ्यायला कोणतीच आडकाठी नाही, आणि नेमक्या याच दोन गोष्टी नव्या धंद्याने सोडून दिल्या आहेत.

ग्राहकाच्या बाजूची जबाबदारी म्हटली की पत्त्यापासून सुरुवात करावी लागते. आपल्या पिनकोडची कल्पना एका मराठी माणसाची. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. सारख्या नावांची गावे आणि वेगवेगळ्या भाषांतले पत्ते यांच्या गोंधळातून पत्र सुटावे म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिनकोड सुरू झाला. ४०००८० म्हटले की मुलुंड पश्चिम, ४०००६९ म्हटले की अंधेरी पूर्व. पत्राला तेवढे पुरत असे, कारण पुढचे काम पोस्टमनच्या डोक्यातली वस्ती करत असे. त्याला कोणता जिना कुठे जातो, कोणती चाळ कोणाच्या नावाने ओळखली जाते, हे वर्षानुवर्षे फिरून माहीत असे. रायडर दर काही महिन्यांनी बदलतो आणि त्याच्याकडे असते ती नकाशावरची निळी टाचणी. घाटकोपरजवळच्या असल्फ्याच्या टेकडीवर ती टाचणी बरोबर जागी असली तरी खालच्या गल्लीतून वर चढायची वाट कोणती हे ती सांगत नाही. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणला. देशाची सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटींत विभागणी करून प्रत्येकीला दहा अक्षर-अंकांचा संकेत दिला. हे मोलाचे काम आहे. पण बावीस मजली टॉवरमध्ये त्या एका चौकटीवर बावीस घरे एकावर एक उभी असतात. उपनगरांत जुन्या चार मजली इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत, तसतसा वाटपाच्या वेळेतला मोठा हिस्सा आडव्या रस्त्याकडून उभ्या रस्त्याकडे सरकतो आहे. आणि उभ्या रस्त्याची नोंद बहुधा कोणी ठेवत नाही, कारण जीपीएसच्या लेखी रायडर इमारतीपाशी आला की तो ‘पोचला’.

या उभ्या रस्त्यावर वेळ कसा जातो हे सर्वांना दिसते, तरी हिशेबात धरले जात नाही. गाडी आत नेऊ देत नाहीत म्हणून ती बाहेर लावायची. गेटवर नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर लिहायचा किंवा मायगेटसारख्या ॲपवरून घरच्यांची परवानगी येईपर्यंत थांबायचे. घरच्यांचा फोन दुसऱ्या खोलीत असतो. मग ‘बी विंग पोडियमवरून’ असे उत्तर मिळते. रहिवाशांच्या लिफ्ट तीन आणि ‘डिलिव्हरीसाठी’ राखलेली लिफ्ट एक. त्या एकीतच कचऱ्याचे डबे, फर्निचर, घरकामाच्या बायका आणि चार ॲपचे चार रायडर. ज्या सोसायटीला सामान १० मिनिटांत हवे असते तीच सोसायटी त्या सामानाला वर यायला सात मिनिटे लावते. सुरक्षेसाठी हे आवश्यक आहे, हा आक्षेप खराच आहे. नोंद ठेवलीच पाहिजे. पण नोंदीला लागणारा वेळ आणि वेगळ्या लिफ्टचा अपमान या एकच गोष्टी नाहीत, आणि सुरक्षेचे कारण दुसरीला लागू होत नाही. दुकानांना माझे सांगणे असे की त्यांनी ‘गेटपर्यंत’ आणि ‘दारापर्यंत’ हे दोन वेळ वेगळे मोजावेत आणि ग्राहकाला वेगळे दाखवावेत. ‘तुमच्या इमारतीत गेटपासून दारापर्यंत साधारण सहा मिनिटे लागतात’ ही ओळ पडद्यावर आली तर उशिराचे खापर कोणावर फुटावे हे निदान ग्राहकाला कळेल, आणि रायडरला त्या सहा मिनिटांचा मोबदला मागायला कागदावरचा आधार मिळेल.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येतो. एखाद्या दुकानाने प्रामाणिकपणे ‘१२ ते २२ मिनिटे’ असे लिहिले आणि शेजारच्याने ‘८ मिनिटे’ लिहिले, तर प्रामाणिक दुकान बुडेल. एकट्या दुकानाकडून ही अपेक्षा खरोखरच धरता येत नाही, म्हणूनच हा प्रश्न नियमाचा आहे. डॉमिनोजने अमेरिकेत ‘तीस मिनिटांत, नाहीतर फुकट’ हे आश्वासन कंपनीच्या सद्बुद्धीने मागे घेतले नव्हते. वाहन अपघाताच्या खटल्यात ज्यूरीने मोठ्या भरपाईचा निकाल दिल्यावर १९९३ मध्ये ते थांबले. आपल्याकडे नियमांचा पाया आधीच घातलेला आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा आलेला माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. अपवाद फक्त आटोक्याबाहेरच्या आपत्तीचा. म्हणजे सांगितलेल्या वेळेला कायद्याच्या लेखी वजन आहे, ती निव्वळ सजावट नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीविरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांत ग्राहकाला खोटी घाई लावणे हा प्रकार नावानिशी आहे. यात एक छोटी भर पुरेल: जो दुकानदार वेळ सांगतो त्याने त्या भागात, त्या प्रहरी, गेल्या महिन्यात शंभरपैकी किती वेळा ती पाळली हेही शेजारीच लिहावे. हा आकडा कंपन्यांकडे आजही आहे; तो काढायला नवे तंत्र लागत नाही. सगळ्यांना सारखाच लागू झाला की ‘८ मिनिटे’ लिहिणाऱ्याच्या शेजारी ‘शंभरपैकी चाळीस वेळा’ असे दिसेल आणि ‘१२ ते २२’ लिहिणाऱ्याच्या शेजारी ‘शंभरपैकी पंच्याण्णव’. मग ग्राहकाने खुशाल निवडावे. हे सरकारच्या पुढाकाराने घडवता येते याचा पुरावा जानेवारी २०२६ मध्ये मिळाला आहे. सरकारने विषय काढल्यावर कित्येक वर्षे जीव की प्राण मानलेला आकडा जाहिरातीतून उतरवता आला आणि दुकाने चालूच राहिली.

लोकांना पल्ला समजत नाही, त्यांना एकच आकडा हवा असतो, असेही म्हणतात. मुंबईकरांबद्दल हे म्हणणे मला पटत नाही. जे शहर ‘गाडी पंधरा ते वीस मिनिटे उशिराने’ ही घोषणा ऐकून आपला दिवस नव्याने आखते, ज्याला भरतीची वेळ आणि पावसाचा इशारा एकत्र वाचून घराबाहेर पडायचे की नाही हे ठरवता येते, त्याला ‘१२ ते २२’ समजणार नाही? एकच आकडा माणसाला नुसता थांबवून ठेवतो, पल्ला त्याला ठरवू देतो. बोरिवलीत एकट्या राहणाऱ्या आजींना रक्तदाबाची गोळी हवी असेल, तर ‘८ मिनिटे’ वाचून त्या दाराशी बसून राहतील. ‘कदाचित अर्धा तास’ वाचले तर शेजारच्या मुलाला कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे पाठवतील. वेगाची किंमत मी कमी लेखत नाही. नोकरी करून घर चालवणाऱ्या बाईला, लहान मूल अंगावर असलेल्या आईला, जिना उतरता न येणाऱ्या माणसाला या सेवेने खरोखर मोकळे केले आहे आणि ते परत हिरावून घ्यावे असे कोणी म्हणू नये. पण वेग आणि खात्री या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि आज पहिलीची किंमत घेऊन दुसरी दिल्याचा भास निर्माण केला जातो.

परदेशी फराळ पाठवणाऱ्या घरांना हा फरक २०२५ च्या दिवाळीने शिकवला. अमेरिकेने छोट्या पार्सलांवरची जकातमाफी काढून घेतल्यावर भारतीय टपाल खात्याने ऑगस्टच्या अखेरीस तिकडची पार्सलसेवा थांबवली आणि ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली, म्हणजे लक्ष्मीपूजन आठवड्यावर आले असताना. मुलुंडहून न्यू जर्सीला जाणाऱ्या चकल्यांचा प्रवास किती दिवसांचा, याचे उत्तर तोवर अंतरावर किंवा विमानांच्या फेऱ्यांवर अवलंबून असे. त्या वर्षी ते एका सरकारी आदेशावर जाऊन बसले. ज्यांनी फराळ वेळेत पोचवला त्यांनी वेगवान सेवा शोधली नव्हती, हातात आठवडे राखून ठेवले होते किंवा खाजगी कुरिअरची जास्तीची किंमत मोजली होती. वेळ किंवा पैसा, दोन्हींपैकी काहीतरी शिल्लक टाकल्याशिवाय खात्री मिळत नाही. उपनगरातल्या दोन किलोमीटरच्या फेरीलाही हाच हिशेब लागू आहे. फरक इतकाच की तिथे शिल्लक टाकायचे काम दुकानाने आणि ग्राहकाने मिळून रायडरच्या गळ्यात घातले आहे.

दुकानांच्या आणि सरकारच्या हातून जे व्हायचे ते होईल तेव्हा होईल. या साखळीतला एक टप्पा पूर्णपणे रहिवाशांच्या हातात आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्या सभेत पार्किंग, पाण्याची टाकी, रंगकाम यांवर तासन्‌तास चर्चा होते. तिथेच एक विषय मांडता येईल: गेटवर दोन दुचाकी उभ्या राहतील एवढी जागा, विंगांचा आणि फ्लॅटांचा ठळक फलक, नोंदीसाठी एकच सोपी पद्धत, बसायला एक बाक आणि प्यायला पाणी, आणि जी लिफ्ट आधी खाली येईल तिने वर जाण्याची रायडरला मुभा.  पुढच्या सभेची विषयपत्रिका छापली जाईल तेव्हा हा विषय तिच्यात असावा.